बीजातून फुलझाड : कवच, पाणी आणि मूळ

गुलमोहर हा मूळचा मादागास्कर बेटावरचा, तर बहावा भारतीय उपखंडातलाच. तरीही शिंबी कुळातील या दोन्ही वृक्षांच्या बियांत एक गुण समान आढळतो, तो असा की बी पूर्ण जिवंत असूनही ओल्या मातीत महिनोन्‌महिने न रुजता पडून राहू शकते. या स्थितीला सुप्तावस्था म्हणतात. बियांच्या सालीत उभ्या, लांबट पेशींचा एकमेकींना घट्ट चिकटलेला थर असतो व त्यावर मेणचट लेप असल्याने पाणी आतल्या गर्भापर्यंत पोहोचतच नाही. म्हणूनच बी खराब निघाली, ही नवख्या बागप्रेमींची तक्रार पुष्कळदा बियांवर अन्याय करणारी असते.

हे कवच भेदण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे कानशीने किंवा खरकागदाने बी एका जागी घासणे. मात्र कोवळे मूळ नाभीजवळ, म्हणजे बी शेंगेला जोडलेली असते त्या टोकाशी, दडलेले असल्याने घासायचे ते विरुद्ध बाजूने. बिया पुष्कळ असल्यास पाणी उकळून आचेवरून उतरवावे, त्यात त्या टाकाव्यात आणि पाणी निवल्यावरही रात्रभर तशाच ठेवाव्यात. सकाळी ज्या टपोऱ्या फुगलेल्या दिसतील त्यांच्यात पाणी शिरले, असे समजून त्या लगेच पेराव्यात व उरलेल्यांवर पुन्हा तीच प्रक्रिया करावी. रोपवाटिकांत यासाठी तीव्र गंधकाम्लही वापरतात; घरी मात्र ते मुळीच हाताळू नये.

सर्वच फुलझाडांना हा खटाटोप लागत नाही. कांचनाच्या ताज्या बिया रात्रभर साध्या पाण्यात भिजवल्या तरी रुजतात, आणि हे झाड दोन-तीन वर्षांतच फुलू शकत असल्याने लवकर फुले पाहू इच्छिणाऱ्यांनी आरंभ त्यानेच करावा. महाराष्ट्राचे राज्यफूल असलेल्या ताम्हणाची बी हलकी व पंखयुक्त असते. ती खोल न पुरता मातीवर पसरून वर बारीक वाळूचा पातळ थर द्यावा लागतो.

उगवण झाली की लक्ष मुळाकडे वळवावे लागते, कारण सोटमूळ झपाट्याने खाली जाते आणि पिशवीच्या तळाशी अडले की गुंडाळत जाते, व असे वेढे पडलेले रोप पुढे मोठे झाले तरी जमिनीत भक्कम उभे राहत नाही. उंच पिशवी घेऊन फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरलेले रोप त्याच पावसाळ्यात जमिनीत लावणे श्रेयस्कर. पाणी साचून राहिल्यास कोवळे देठ बुंध्याशी कुजून रोपे कोलमडतात, म्हणून मातीत वाळू मिसळणे आवश्यक ठरते.

जागा निवडताना झाडाच्या वाढीचा वेग विसरता येत नाही. गुलमोहर भराभर वाढतो, पण त्याचे लाकूड ठिसूळ व मुळे उथळ असल्याने वादळी पावसात फांद्या मोडतात, प्रसंगी सबंध झाडही उन्मळते. घर, रस्ता आणि विजेच्या तारा यांच्यापासून तो दूरच लावावा. अंगण लहान असेल तर कांचन किंवा बहावा निवडावा, आणि बहाव्याचा पहिला बहर यायला आणखी काही वर्षे लागतील हे मान्य करूनच त्याची बी पेरावी.