वस्तीतील 'थांबा' फलकांची आवश्यकता : मूल्यमापनाचा एक प्रश्न

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नगरपालिकांकडे नागरिकांचे जे अर्ज येतात, त्यांत निवासी वस्तीतील एखाद्या चौरस्त्यावर 'थांबा' फलक लावावा ही मागणी नित्याची आहे. मागणीच्या मुळाशी भीती असते आणि ती बहुधा सकारण असते : मुले रस्त्याकाठी खेळतात, वृद्ध रस्ता ओलांडतात आणि मोटारी वेगाने जातात. फलकाचा खर्च अल्प असतो. त्यामुळे मागणी मान्य करणे लोकप्रतिनिधींनाही सोयीचे वाटते. तथापि भीती सकारण आहे म्हणून मागितलेला उपायही योग्यच आहे, असे ओघाने ठरत नाही. फलकाची आवश्यकता कशी पारखावयाची आणि त्या पारखणीत कोणता तर्कदोष संभवतो, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

प्रथम फलकाचे कार्य निश्चित केले पाहिजे. परस्परांना छेदणाऱ्या रस्त्यांवरून दोन वाहने एकाच वेळी आली असता अगोदर कोणी जावे, या प्रश्नाचे उत्तर देणे हे ते कार्य होय. असा पहिला फलक १९१५ मध्ये डेट्रॉइट शहरात लागला, असे सामान्यतः मानले जाते. अष्टकोनी आकाराची शिफारस १९२३ मध्ये झाली व आजचा लाल रंग १९५४ मध्ये आला. दरम्यान १९५० मध्ये ओक्लाहोमा राज्यातील टल्सा येथे 'वाट द्या' हा सौम्य फलक अवतरला. म्हणजे चौरस्त्यावर काहीच न लावणे, 'वाट द्या', केवळ दुय्यम रस्त्यावर 'थांबा' आणि सर्व बाजूंना 'थांबा' अशा नियंत्रणाच्या चढत्या पायऱ्या आहेत. मूल्यमापनाचा प्रश्न 'फलक हवा की नको' एवढाच नसून 'यांपैकी कोणती पायरी पुरेशी आहे' असा आहे.

याचे निकष 'मॅन्युअल ऑन युनिफॉर्म ट्रॅफिक कंट्रोल डिव्हायसेस' या राष्ट्रीय नियमपुस्तिकेत दिले आहेत. तिची पहिली आवृत्ती १९३५ ची व अकरावी डिसेंबर २०२३ ची आहे. २००९ च्या आवृत्तीनुसार मुख्य रस्त्यावर दिवसाला ६,००० हून अधिक वाहने असल्यास, दृष्टी पुरेशी पोहोचत नसल्यास, किंवा १२ महिन्यांत ३ अथवा २ वर्षांत ५ अपघात नोंदले गेल्यास दुय्यम रस्त्यावर फलकाचा विचार करावयाचा असे. सर्व बाजूंच्या फलकांसाठी १२ महिन्यांत ५ अपघात, किंवा दिवसातील ८ तास मुख्य रस्त्यावर ताशी सरासरी ३०० वाहने आणि त्याच तासांत दुय्यम रस्त्यावर वाहने, पादचारी व सायकली मिळून ताशी २००, तसेच ऐन गर्दीच्या तासात दुय्यम रस्त्यावरील वाहनांस सरासरी ३० सेकंदांचा विलंब, अशी अट होती. येथे केवळ अशाच अपघातांची गणना होते, की जे फलकामुळे टळण्याजोगे होते.

याच पुस्तिकेने वेगनियंत्रणासाठी 'थांबा' फलक वापरू नये असेही बजावले आहे. त्याचे कारण वाहनचालकाच्या वर्तनात आहे. वेग उतरतो तो फलकाच्या आसपास. पुढे गेलेला वेळ भरून काढण्यासाठी चालक पुन्हा वेग वाढवितो. शिवाय थांबण्यालाही किंमत असते. दिवसाला २,००० वाहने प्रत्येकी ५ सेकंद अधिक थांबली असे धरल्यास एकूण विलंब पावणेतीन तासांहून अधिक होतो. इंधन, धूर आणि गोंगाट वेगळेच. याहून गंभीर गोष्ट अशी की, ज्या चौरस्त्यावर आडवे वाहन क्वचितच येते, तेथे चालक पूर्ण न थांबता पुढे सरकण्यास शिकतो. फलकावर विश्वासून पाऊल टाकणारे मूल आणि फलकाकडे दुर्लक्ष करणारा चालक यांची गाठ पडते, तेव्हा फलकच धोक्याचे निमित्त ठरतो.

आता तर्कदोषाकडे वळू. समजा, सर्वस्वी सारखे असे १०० चौरस्ते आहेत व प्रत्येकी वर्षाला सरासरी १ अपघात होतो. प्वासाँच्या वितरणानुसार एखाद्या वर्षी सुमारे ३७ चौरस्त्यांवर एकही अपघात होणार नाही, तर सुमारे ८ चौरस्त्यांवर ३ किंवा अधिक होतील. आणि तेही निव्वळ योगायोगाने. अर्ज येतील ते या आठांसाठी. तेथे फलक लागले की पुढील वर्षी अपघात घटतील. पण फलक न लावताही ते सरासरीकडे परतलेच असते. केवळ 'पूर्वी' आणि 'नंतर' यांची तुलना करणारा अभ्यासक या घटीचे सारे श्रेय फलकास देऊन बसतो.

याचा अर्थ फलक निरुपयोगी आहेत असा मात्र नव्हे. लोव्हेल व हाउअर यांनी १९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को, फिलाडेल्फिया, मिशिगन व टोरंटो येथील आधारसामग्री या दोषाचे निरसन करून तपासली. दोन बाजूंऐवजी सर्व बाजूंना फलक लावल्यानंतर एकूण अपघात सुमारे ४७ टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. योग्य स्थळी हा उपाय प्रभावी ठरतो. परंतु ज्या चौरस्त्यावर टळण्याजोगे अपघातच नाहीत, तेथे या टक्केवारीचा आधार घेता येत नाही.

मग पाच अपघात होईपर्यंत वाट पाहावयाची काय, असा आक्षेप नागरिक घेतात व तो रास्त आहे. म्हणूनच २००९ च्या पुस्तिकेने अपघातांच्या आकड्याबरोबर पादचाऱ्यांशी होणारा संघर्ष आणि दृष्टीचा अडथळा यांनाही विचारात स्थान दिले होते. चौरस्त्यावर प्रत्यक्ष उभे राहून वाहने व पादचारी मोजणे, कोपऱ्यावरून आडवे वाहन किती अंतरावर दिसते ते पाहणे, वेग नोंदविणे आणि अनेक वर्षांच्या अपघातनोंदी वाचणे, या क्रमाने गेल्यास खरे दुखणे सापडते. कुंपणाची झाडे किंवा उभ्या मोटारी दृष्टी अडवीत असतील तर त्या दूर करणे हा पहिला उपाय होय. कॅलिफोर्नियाने २०२३ च्या कायद्याने पादचारी-मार्गाअलीकडे २० फुटांत वाहन उभे करण्यास मनाई केली, ती याच विचाराने. दुखणे वेगाचे असेल तर गतिरोधक किंवा अरुंद केलेला रस्ता हा उपाय होय.

सारांश, निकष न भरल्यामुळे अर्ज नाकारणे हा मूल्यमापनाचा शेवट ठरू नये. फलक अनावश्यक आहे असे सिद्ध झाले, तरी त्यामुळे अर्जदाराची भीती खोटी ठरत नाही. तिचे कारण शोधून त्यास अनुरूप उपाय सुचविणे हे अभियंत्याचे कर्तव्य शिल्लक राहतेच.