ऊन सारखेच, पण फेड वेगळी

मे महिन्यात नागपूरची गच्ची तव्यासारखी तापते. तेव्हा तिथले सोलर पॅनेल सर्वाधिक वीज देत असेल, असे वाटणे साहजिक आहे. पण पॅनेलला हवा असतो प्रकाश, उष्णता नव्हे. त्याची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजतात; त्यापुढे दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर १२ ते १६ टक्के तिथेच गेली. कोकणात दुखणे वेगळे: पावसाळ्याचे चार महिने ढग आणि सांगाडा गंजवणारी खारी हवा.

तरीही वर्षाची सरासरी काढली, तर एका किलोवॉटमागे रोज सुमारे ४ युनिट धरतात. गावागणिक हा आकडा थोडा हलतो, दुप्पट होत नाही. दुप्पट फरक पडतो तो बिलात. सावंतवाडी आणि पेडणे यांचे ऊन-पाऊस जवळपास एकच. पण गोव्यात घरगुती वीज स्वस्त, म्हणून वाचलेला प्रत्येक युनिट कमी पैशांचा. राज्याची वेगळी मदत नसेल, तर पेडण्यात खर्च वसूल व्हायला जास्त वर्षे लागणार.

एकाच गल्लीतही हेच घडते, कारण आपल्याकडे वापर वाढला की दराचा टप्पा चढतो. समजा, एका घराला महिन्याला ३५० युनिट लागतात आणि सरासरी दर १० रुपये पडतो. ३ किलोवॉटचा खर्च १ लाख ८० हजार धरू. पीएम सूर्यघर योजनेचे ७८ हजार वजा जाता उरले १ लाख २ हजार. वर्षाला ४२ हजार वाचले, तर अडीच वर्षांच्या आत फेड. शेजारी ९० युनिटच वापरतात, दर ५ रुपये. त्यांनी १ किलोवॉट बसवून अनुदानानंतर ३५ हजार घातले, तर वर्षाला वाचतात ५,४००. म्हणजे साडेसहा वर्षे. विक्रेता हा हिशेब सहसा स्वतःहून मांडत नाही.

किलोवॉटमागे सुमारे १०० चौरस फूट मोकळी, दक्षिणेकडे उघडी जागा लागते. सावलीची पाहणी मात्र डिसेंबरात करावी. सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि मे महिन्यात निरुपद्रवी वाटलेली शेजारची पाण्याची टाकी तेव्हा नेमकी पॅनेलवर सावली धरते.