दुसरं किट कुणासाठी?

सरकारी रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ अशी पाटी दिसते. तिथली औषधं रंगांवरून ओळखतात. लघवीच्या जागेतून पू येत असेल तर करडं किट, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं, जखम असेल तर पांढरं. करड्या किटमध्ये वर्षानुवर्षं अॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झीम यांचा एकेक डोस देत आले. गोळ्या घेतल्या की पेशंटच्या दृष्टीने विषय संपला. गाडी अडते ती पुढच्या वाक्याला: जोडीदारासाठीही असंच किट न्या. जोडीदार कोण? एकच? आणि त्याला किंवा तिला सांगणार कोण?

परमा म्हणजे गनोरिया, गरमी म्हणजे सिफिलिस, आणि ज्याला मराठीत धड नावही नाही तो क्लॅमिडिया. तिन्ही आजार जिवाणूंचे, तिन्ही औषधाने बरे होणारे. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 या एका वर्षात क्लॅमिडियाच्या 12.9 कोटी, परम्याच्या 8.2 कोटी आणि गरमीच्या 71 लाख नव्या लागणी झाल्या. औषध हाताशी असून हे का?

साथींचा अभ्यास करणारे यासाठी तीन गोष्टींचा गुणाकार मांडतात. एका संबंधातून लागण होण्याची शक्यता किती, माणूस नवे जोडीदार किती वेगाने जोडतो, आणि लागण झाल्यावर किती दिवस ती दुसऱ्याला देत राहतो. आपल्याकडची सगळी कुजबुज मधल्या आकड्याभोवती, कारण तिथे चारित्र्य आलं. तिसऱ्या आकड्याकडे कुणी बघत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

परमा झालेल्या पुरुषाला सहसा काही दिवसांतच लघवीला आग सुरू होते. तो मुकाट्याने डॉक्टर गाठतो. बाईला बऱ्याचदा काही कळतच नाही. क्लॅमिडिया तर बहुतेकांना पत्ता लागू न देता महिनोन्‌महिने मुक्काम करतो आणि गर्भनलिकांची वाट लावतो. मूल का होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्या की तेव्हा कळतं. गरमी सगळ्यात लबाड. लागणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी एक फोड येतो, तो दुखत नाही, आणि औषध न घेताही काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. माणूस सुटकेचा श्वास सोडतो. रेल्वेलाइनच्या भिंतींवर ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ रंगवणाऱ्यांचा धंदा या आपोआप भरणाऱ्या फोडावरच चालत आला असावा, असा माझा संशय आहे. जंतू मात्र रक्तात असतोच.

मधला आकडाही दिसतो तितका सरळ नाही. समजा, एका माणसाचे वर्षभरात दोघींशी संबंध आले. एक संपून दुसरा सुरू झाला असेल, तर दुसरीकडची लागण पहिलीपर्यंत मागे जात नाही. दोन्ही एकाच वेळी चालू असतील तर तो माणूस पूल होतो आणि लागण दोन्हीकडे ये-जा करते. आकडा दोनच, धोका वेगळा.

अमेरिकेतल्या एका शाळेत समाजशास्त्रज्ञ पीटर बेअरमन आणि सहकाऱ्यांनी हे जाळं कागदावर उतरवलं. शाळेचं खरं नाव झाकून ‘जेफरसन हायस्कूल’ ठेवलं. 832 मुलामुलींकडून दीड वर्षातल्या प्रेमाच्या आणि शरीरसंबंधांच्या जोड्या समजून घेतल्या. 2004 साली छापलेला तो नकाशा बघण्यासारखा आहे: एकेक ठिपका, एकेक रेघ, आणि त्यातून उमटलेली लांबच लांब, फांद्या फुटलेली माळ. तिच्यात 288 जण! मधोमध कुणी ‘बदफैली’ ठिपका नाही. बहुतेकांचे जोडीदार एक किंवा दोन. आपण या माळेत ओवलो गेलोय याची त्यांना कल्पना असणं शक्यच नव्हतं. अशा माळेचा एकच गुण चांगला: कुठलाही दुवा सुटला की तिचे तुकडे पडतात. मग तो दुवा निरोधने सुटो की वेळेवरच्या उपचाराने.

स्वतःचा जोडीदार एकच असला म्हणून जोखीम शून्य होत नाही. त्या जोडीदाराचं वागणंही तिच्यात मिसळलेलं असतं. घरच्या बाईला हे कुणी सांगत नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या आणि 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. 92 टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. यातले सगळेच आजार संबंधांतून आलेले नव्हते, पण ‘अंगावर काढणं’ म्हणजे काय ते या दोन आकड्यांत दिसतं.

म्हणून ते दुसरं किट. एकानेच औषध घेतलं तर बरा झालेला माणूस घरातूनच पुन्हा लागण घेतो, आणि दोष गोळ्यांना देतो. दोघांनी डोस घ्यावा आणि त्यानंतर सात दिवस संबंध टाळावेत. सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी, सल्ला आणि औषध यांचे पैसे पडत नाहीत.