दिलेल्या अक्षरांतील शब्दांचा शोध

इंग्रजीची अक्षरे अवघी सव्वीस. पण त्यांतली पाच समोर ठेवून 'यांतून शब्द काढा' म्हटले, की भलेभले गोंधळतात. हा रिकामटेकड्यांचा खेळ आहे, असा अनेकांचा समज आहे. आम्हांला तसे वाटत नाही. ज्याला शाळेत इंग्रजी धड मिळाले नाही, पण ज्याच्या हाती नोटीस आणि आरोपपत्र इंग्रजीतच पडते, त्या कामगाराला इंग्रजी शब्द कुलूपबंद पेटीसारखा वाटतो. ती पेटी उघडून तिचे भाग सुटे कसे करावेत, हे सांगण्याचा येथे उद्देश आहे.

इंग्रजी शब्दाचे भाग सुटे होतात, हे प्रथम ध्यानात घ्यावे. मराठीत 'कि'ची वेलांटी ककाराला सोडून हिंडत नाही. इंग्रजीत मात्र स्वर व्यंजनाच्या शेजारी स्वतंत्र उभा असतो. त्याला उचलून कोठेही बसवता येते.

उदाहरणादाखल आपल्या जिव्हाळ्याचा शब्द घेऊ : वेजेस, म्हणजे मजुरी. त्याची अक्षरे डब्ल्यू, ए, जी, ई, एस. ही पाच अक्षरे नुसती उलटसुलट मांडायची म्हटली, तर १२० मांडण्या होतात. त्या वाटेने जाणारा थकणारच. त्याऐवजी आधी स्वर वेगळे काढावेत. 'ए' मध्ये ठेवून दोन्ही बाजूंना एकेक व्यंजन बसवले, तर फक्त सहा मांडण्या निघतात. त्यांतल्या पाच खरे शब्द आहेत : वॅग, वॉज, गॅस, सॅग आणि सॉ, म्हणजे करवत. 'ए'च्या जागी 'ई' ठेवला, तर नेहमीच्या वापरातला एकच शब्द हाती येतो : सो, म्हणजे शिवणे. मग 'ई' शेवटी न्यावा : एज म्हणजे वय, सेज म्हणजे शहाणा, वेज म्हणजे मजुरी. शेवटी 'एस' जोडून अनेकवचने करावीत. मजुरीच्या एका शब्दातून डझनभर शब्द असे सहज निघतात.

दुसरा प्रकार, सगळीच अक्षरे वापरून दुसरा शब्द करण्याचा. यासाठी एक सोपी युक्ती आहे. शब्दाची अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने लावावीत. लिसन, म्हणजे ऐकणे. त्याची अक्षरे क्रमाने लावली, की ई-आय-एल-एन-एस-टी अशी ओळ मिळते. सायलेंट, म्हणजे गप्प. त्याचीही ओळ हीच. एन्लिस्ट, म्हणजे नाव नोंदवणे, त्याचीही हीच. ज्यांची ओळ एक, ते शब्द एका घरचे. आज संगणक लाखो शब्दांतून असे सोबती क्षणात काढतो, तेव्हा तोही बहुधा ह्याच युक्तीचा आधार घेतो. वहीत शब्द लिहिताना शेजारी ही ओळ लिहिण्याची सवय लावली, तर हे काम आपल्यालाही जमते.

तिसरा प्रकार, दिलेली अक्षरे असलेच पाहिजेत, पण इतर अक्षरे चालतील, असा. येथे नेहमीचा कोश अपुरा पडतो, कारण तो पहिल्या अक्षरापासून लावलेला असतो. अशा वेळी व्यंजनांचा सांगाडा धरावा आणि पोकळीत स्वर भरावेत. एस, टी, आर, के हा सांगाडा घ्या : स्ट्राइक म्हणजे संप, स्ट्रोक म्हणजे फटका, स्ट्रीक म्हणजे पट्टा. क्रम बदलला, की स्कर्ट.

कोणते अक्षर आधी हाताळावे, हे मात्र अक्षरांचे स्वभाव ओळखल्याने कळते. छापखान्यातल्या जुळाऱ्याला हे स्वभाव हाताने माहीत होते. इंग्रजी खिळ्यांच्या केसमध्ये 'ई'चा खण सर्वांत मोठा असे, कारण ते अक्षर सर्वांत जास्त लागते. 'क्यू', 'झेड' यांचे खण लहान. पुढे अमेरिकेत जागतिक मंदीच्या काळात नोकरी गेलेल्या आल्फ्रेड बट्स या वास्तुशिल्पज्ञाने वृत्तपत्रांच्या पानांवरली अक्षरे मोजली आणि त्या मोजणीवरून एक खेळ रचला. तोच १९४८ मध्ये 'स्क्रॅबल' या नावाने बाजारात आला. त्याच्या इंग्रजी संचातील १०० सोंगट्यांत 'ई' १२ आहेत, तर 'क्यू' एकच. 'ई'ला एक गुण, 'क्यू'ला दहा. म्हणून शोधताना दुर्मीळ अक्षर आधी धरावे. 'क्यू' दिसला, की बहुधा 'यू' त्याच्या मागोमाग येतोच. सोप्या अक्षरांना जागा पुष्कळ, अवघडांना थोड्या. थोड्या जागा तपासणे केव्हाही सोपे.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. शब्द सापडला म्हणजे तो समजला, असे नव्हे. सापडलेला प्रत्येक शब्द कोशात पाहून त्याचा अर्थ वहीत उतरावा. रोज पाच शब्द धरले, तरी वर्षाला अठराशेवर जातात.

आम्ही स्वतः इंग्रजी शिकलो ते कोश आणि वही यांच्याच बळावर. युनियनच्या कचेरीत कितीतरी कामगार, ज्यातले अक्षर कळत नाही अशा कागदावर सही करून येतात आणि मग विचारतात, 'यात काय लिहिले आहे?' हा प्रश्न सहीच्या आधी विचारला गेला पाहिजे. ज्याने शब्दाचे भाग सुटे करून पुन्हा जोडून पाहिले, त्याची कागदाबद्दलची भीती कमी होते. तो निदान म्हणू शकतो, 'थांबा, आधी मला वाचू द्या.' यासाठी पेन्सिल आणि कोरा कागद एवढेच भांडवल पुरेसे आहे.