पंचनाम्याआधीचं विज्ञान

१ जुलै २०२४ रोजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि न्यायसहायक विज्ञानाच्या पदवीचं मोल वाढलं. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत आणि त्याचं चित्रीकरण व्हावं, असं कलम १७६ (३) सांगतं. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. एवढे तज्ज्ञ महाविद्यालयांतूनच यायचे आहेत.

ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. १८९७ मध्ये कोलकात्यात बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला. त्या ठशांचं वर्गीकरण बसवलं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी. जगभर नाव झालं ते त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं. १९५९ मध्ये सागर विद्यापीठाने हा विषय वर्गात आणला. आज मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय संस्था आहेत. गांधीनगरच्या विद्यापीठाला २०२० मध्ये राष्ट्रीय दर्जा मिळाला. त्याची एक शाखा गोव्यात आहे.

प्रात्यक्षिकासाठी एखाद्या खोलीत बनावट घटनास्थळ उभं केलं जातं. उलटलेली खुर्ची, फुटका ग्लास, लादीवर लाल डाग. पहिला धडा एकच: हात लावायचा नाही.

आधी खोलीची दुरून, मग मधल्या अंतरावरून आणि शेवटी पट्टी ठेवून जवळून छायाचित्रं. नंतर मोजमापांसह कच्चा नकाशा. त्यानंतर चौकटी आखून किंवा बाहेरून आत वर्तुळाकार फिरत शोध. दोन वस्तूंचा स्पर्श झाला की काही ना काही इकडचं तिकडे जातं, हे फ्रान्सच्या एदमाँ लोकार यांचं तत्त्व इथे कामी येतं. पण ते तपासणाऱ्यालाही लागू आहे. त्याचा केस, त्याच्या बुटाची माती तिथे पडली की पुरावा बिघडला.

डागाची चाचणीही संयम शिकवते. कापसाच्या बोळ्यावर फिनॉल्फ्थेलिन आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की रक्ताला गुलाबी रंग येतो. पण काही भाज्यांचा रसही हाच रंग देऊ शकतो. म्हणून हा अंदाज समजायचा. पक्की खात्री प्रयोगशाळेतल्या पुढच्या चाचण्यांनी होते. रक्ताने भिजलेला कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात भरायचा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए नासतो.

मग सील, सही, तारीख, वेळ. मुद्देमाल कोणाच्या हातून कोणाकडे गेला, याची अखंड नोंद हवी. त्यात एक दुवा निसटला तरी बचावपक्षाचा वकील न्यायालयात नेमकं तिथेच बोट ठेवतो.

हे सारं निव्वळ पाठांतराने येत नाही, हाताला सवय लागावी लागते. म्हणून या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी शुल्काइतकंच आणखी दोन गोष्टींबद्दल विचारावं: घटनास्थळाचा सराव किती तास होतो, आणि प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करायला मिळतं का?