पित्तनलिकेतील जाळी आणि तिची मुदत

पित्ताशय काढताना पित्तनलिकेला झालेली इजा, स्वादुपिंडाचा वर्षानुवर्षे रेंगाळलेला दाह, किंवा यकृतरोपणानंतर नलिकेच्या सांध्यावर धरलेला कठीण व्रण, यांपैकी कोणत्याही कारणाने यकृतातून आतड्याकडे येणारी ही चिंचोळी वाट आकसली, म्हणजे पित्त मागे तुंबते, डोळे पिवळे होतात, अंगाला खाज सुटते आणि पुष्कळदा थंडी वाजून ताप भरतो. या विकारात कर्करोगाचा संबंध नसतो, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु उपचाराचा प्रश्न त्यामुळेच नाजूक होतो, कारण कर्करोगाच्या रुग्णाची नलिका उघडी राहावी म्हणून तीत बसविलेली धातूची जाळी बहुधा अखेरपर्यंत तेथेच राहू दिली जाते, मात्र ज्याला पुढे तीस-चाळीस वर्षे जगावयाचे आहे त्याच्या शरीरातून ती केव्हातरी सुखरूप बाहेर यावी लागते.

1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचा पायंडा आपल्या देशात पाडला, आणि तेव्हापासून असंख्य रुग्णांचे हाल वाचले, याविषयी दुमत नाही. तथापि हजारी तीन ते पाच रुग्णांच्या नलिकेला या शस्त्रक्रियेत इजा पोहोचते असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि शस्त्रक्रियांची संख्याच प्रचंड असल्यामुळे असे दुर्दैवी रुग्णही थोडेथोडके नसतात.

तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन पित्तनलिकेत नळी बसविण्याची वाट हॅम्बुर्गच्या निब सोहेंद्रा यांनी 1979च्या सुमारास दाखविली. ती नळी प्लास्टिकची, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची आणि साधारण तीन महिन्यांत गाळाने बुजणारी. म्हणून वर्षभर ती पुनःपुन्हा बदलावी लागे, शेजारीशेजारी दोन-तीन नळ्या बसवाव्या लागत. निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची जाळी मात्र मिटवून आत नेता येते आणि सोडताच आपणहून दहा मिलिमीटरपर्यंत फुलते. अमेरिकेत 112 रुग्णांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अरुंदी दूर होण्याच्या बाबतीत आच्छादित, म्हणजे तारांवर आवरण चढविलेली, जाळी प्लास्टिकच्या नळ्यांहून उणी ठरली नाही, आणि दुर्बिणीच्या खेपा सरासरी तीनांवरून दोनांवर आल्या.

अडचण काढण्याच्या वेळी उभी राहते. उघड्या जाळीच्या छिद्रांतून नलिकेचे मांस आत वाढते व तारांना वेढून टाकते. मग जुन्या वाड्याच्या भिंतीत रुजलेला पिंपळ उपटू गेल्यास भिंतीचे दगडच निखळावेत, तशी गत होते, आणि ओढणाऱ्याच्या हाती जाळीऐवजी रक्तस्राव किंवा फाटलेली नलिका येते. केवळ मध्यभागी आच्छादन असलेली जाळी आपल्या उघड्या टोकांनी रुतते. सर्वांगी आच्छादित जाळी सहसा रुतत नाही, पण त्याच गुळगुळीतपणामुळे ती जागची सरकते. शिवाय मुदत उलटून गेली की पित्ताने आच्छादन झिजते, तारा तुटतात आणि चिमट्याने धरताच जाळीची वीण उसवत जाते.

यावर इलाज आहेत. आतले टोक पकडून जाळी उलटी करीत काढता येते. त्याहून चातुर्याची तजवीज अशी, की रुतलेल्या जाळीच्या पोटात दुसरी, पूर्ण आच्छादित जाळी बसवावयाची. तिच्या दाबाने छिद्रांतून शिरलेले मांस मरते, आणि सुमारे दोन आठवड्यांनी दोन्ही जाळ्या एकदमच बाहेर काढतात. धातूवर धातूचीच मात्रा चालावी, हे मला या सबंध शास्त्रातील मोठे नवल वाटते. एवढ्यानेही न साधल्यास पोट उघडून नलिका आतड्याला जोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

माझ्या मते यांतील बऱ्याच आपत्ती टाळण्यासारख्या असतात. कर्करोग नसताना उघडी जाळी बसविणे हा वैद्यकीय अविचार होय. आणि योग्य जाळी बसविल्यावरही कावीळ उतरली, खाज थांबली, जेवण जाऊ लागले की रुग्ण परत फिरकत नाही, व रुग्णालयाच्या दफ्तरातून तगादा जाईलच असा भरवसा देता येत नाही. यकृतरोपणानंतर साधारण चार ते सहा महिने आणि इतर कारणांत दहा ते बारा महिने, अशी जाळी आत ठेवण्याची मुदत असते.

म्हणून घरी जाण्यापूर्वी जाळी कोणत्या प्रकारची, कोणत्या तारखेस घातली व कोणत्या महिन्यात काढावयाची, एवढे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे आणि घरातील आणखी एका माणसाला ते सांगून ठेवावे. मध्येच थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर मुदतीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.