शब्दांवरील पहारा

पॅरिसमध्ये १८७९ साली एक आगळा व्यवसाय सुरू झाला. वृत्तपत्रे बारकाईने वाचावयाची आणि ग्राहकाने सांगितलेल्या नावाचा वा विषयाचा उल्लेख आढळला की ते कात्रण त्याच्याकडे धाडावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. २००३ साली सुरू झालेली ‘गूगल अलर्ट्स’ ही सेवा हेच काम यंत्राकरवी व विनामूल्य करते. तीत एखादा शब्द नोंदवून आपला ई-मेल पत्ता दिला, की त्या शब्दाचा नवा मजकूर शोधयंत्राला सापडताच, अथवा दिवसातून वा आठवड्यातून एकदा, त्याचे दुवे पत्राने येतात.

कात्रणे कापणारा माणूस मात्र अर्थ वाचीत असे. यंत्राची भिस्त प्रामुख्याने अक्षरांवर असते. याचा परिणाम रायपूरसारख्या शहरात प्रकर्षाने दिसतो. छत्तीसगडच्या या राजधानीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मूळचे मराठी भाषकच. अशा घरातील वाचक सवयीने ‘रायपूर’ असे दीर्घ ऊकाराने लिहितो. हिंदीत तोच शब्द ऱ्हस्व, ‘रायपुर’. परिणामी मुंबई-नागपूरकडील मराठी वृत्ते हाती येतात आणि गल्लीतल्या घडामोडी देणारी स्थानिक हिंदी दैनिके निसटण्याचा संभव राहतो. दोन्ही रूपांची स्वतंत्र नोंद करणे हाच त्यावर खात्रीचा उपाय.

अर्थभेदाचा घोटाळा याहूनही अवघड. शहराच्या विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की आक्षेप नोंदविण्यास ठरावीक मुदत मिळते. ती उलटल्यावर कळलेली बातमी, घरापुढून रस्ता जाणार असेल तरी, काय कामाची? मराठी वाचक येथे ‘हरकत’ हा शब्द नोंदवील. हिंदीत हरकत म्हणजे आगळीक, त्यामुळे टवाळखोरांच्या बातम्यांचा ढीग येऊन पडेल! मराठीत संकट सुचविणारा ‘आपत्ति’ हाच तेथे आक्षेपाचा शब्द होय. म्हणून ‘रायपुर’, ‘विकास योजना’ व ‘आपत्ति’ असे शब्द एकत्र द्यावेत. सलग शब्दसमूह जसाच्या तसा हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत घालावा. रायपूर नावाची गावे देहरादूनजवळ, राजस्थानात आणि बांगलादेशातही आहेत; त्यांना वगळण्यासाठी नको त्या शब्दाआधी, मध्ये जागा न सोडता, वजाचे चिन्ह द्यावे.

एक उणीव तरीही उरते. छापील पानाचे केवळ छायाचित्र म्हणून प्रसिद्ध होणारा मजकूर या पहाऱ्यात सहसा सापडत नाही, आणि सरकारी सूचना पुष्कळदा जाहिरातींच्या अशाच रकान्यांत असतात. त्यांसाठी वाचनालयात जाऊन कागदी अंक चाळावा लागतो.